चिठ्ठी आहे, चष्मा नाही

आमच्या वाचनालयात माझ्या टेबलाला तीन ड्रॉवर आहेत. वरच्यात शिक्के आणि शाईचं पॅड, मधल्यात टाचण्या, सुतळी नि डिंकाची बाटली, आणि खालच्यात चष्मे. प्रत्येक चष्म्याच्या काडीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली आहे. एक चिठ्ठी मात्र मोकळीच पडून असते. तिच्यावर भाऊंच्या अक्षरात 'ग्रंथपाल' एवढंच लिहिलंय, त्याखाली 'ग्रेड' आणि पुढे जागा कोरी. नवीन आलेलं एखादं म्हातारं माणूस ती उचलतं आणि विचारतं, हे कुठं आहेत? मी सांगते, यायचे आहेत. मग तो ड्रॉवर लावायला मला जरा वेळ लागतो.

भाऊ म्हणजे आमचे जुने ग्रंथपाल. दिग्रसमध्ये लहानथोर सगळे त्यांना भाऊच म्हणत. अंगाने बुटके, पांढरा पायजमा, आणि सदऱ्याच्या खिशाला शाईचा एक डाग. मी नोकरीला लागले तेव्हाही तो होता आणि भाऊ गाव सोडून गेले तेव्हाही होता. यवतमाळहून ग्रंथालयशास्त्राची पदविका घेऊन मी मोठ्या ऐटीत रुजू झाले. वर्गीकरणाचे आकडे मला तोंडपाठ होते. भाऊंनी माझी गुणपत्रिका न बघताच बाजूला सारली आणि विचारलं, गुडघे दुखतात का तुमचे? मी नाही म्हटलं. "मंग तुमाले हे काम शिकाले वेळ लागन," ते म्हणाले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. पोरं काय, झाडावर बसूनही वाचतील. वाचनालय असतं ते म्हाताऱ्यांसाठी. म्हातारं माणूस वाचत नाही ते आवड नसते म्हणून नव्हे. जिना असतो म्हणून, चष्मा नसतो म्हणून आणि लाज वाटते म्हणून. या तिन्हींचा बंदोबस्त करायचा, पुस्तकं आपोआप हलतात. एवढ्या एका गोष्टीवर या माणसाने अख्खी नोकरी काढली.

सगळीकडची वाचनालयं सकाळ-संध्याकाळ उघडी असतात. आमचं भर दुपारी बारा ते चारही उघडं असायचं. भाऊ म्हणत, त्या वेळात घरातल्या म्हाताऱ्याची सगळ्यांना अडचण होते. सुना जरा पडलेल्या असतात, पोरं शाळेत, आणि हा खोकला तरी डोळे वटारले जातात. त्याला पंखा आणि माठातलं पाणी दाखवा, तो आपल्या पायांनी येतो. खुर्च्या त्यांनी हातांच्याच घेतल्या, कारण हात नसलेल्या खुर्चीत बसलेला म्हातारा उठताना शेजाऱ्याकडे बघतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. दर्शनी भिंतीवर वाचनाने भविष्य घडतं अशा अर्थाचं एक सुभाषित होतं. त्यावर भाऊंनी स्वतः चुन्याचा हात मारला. ऐंशीच्या माणसाला असली आश्वासनं देणं त्यांना थट्टा वाटायची.

ती कापसाची वाईट वर्षं होती. रोजच्या पेपरात आपल्या जिल्ह्याचं नाव असायचं आणि ते का असायचं हे वाचायची कोणाला गरज नव्हती. म्हातारी माणसं सकाळी पेपर धरून बसत आणि दिवसभर गप्प होत. भाऊंनी एके दिवशी सगळे पेपर वरच्या मजल्यावर नेऊन ठेवले आणि गोष्टींची पुस्तकं खाली आणली. तक्रार झाली तेव्हा म्हणाले, ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्यानं बातम्या वाचाव्या. दोघंतिघं चिडून वर चढले. बाकीचे खालीच राहिले आणि आठवड्याभरात रहस्यकथांना लागले.

रहस्यकथांचंही एक होतं. भाऊ त्यांची बांधणी उसवून शेवटची सोळा पानं काढून घेत आणि आपल्या कपाटात कुलपात ठेवत. शेवट पाहिजे तर इथं यायचं, हातांच्या खुर्चीत बसायचं आणि वाचायचं. पाय दुखतात म्हणून घरीच बसलेली माणसं खुनी कोण हे कळायला काठी टेकत येत. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी एक पुस्तक उघडलं, शेवट नाही. दुसरं उघडलं, शेवट नाही. भाऊ अधिकाऱ्यांशी एकदम पुस्तकी मराठी बोलत. म्हणाले, "महोदय, अखेरची पृष्ठे राखीव विभागात सुरक्षित आहेत." साहेबांनी शेरा लिहायला पेन काढलं, पण हातातली गोष्ट सुटेना. शेवटी त्यांनीच हळूच विचारलं की या पुस्तकाचा शेवट मिळेल का. आमची तपासणी चांगली झाली.

आता चष्म्यांचं. भाऊ गावातल्या कोणाच्याही तेरवीला जात, बोलावणं असो नसो. जेवत, आणि निघताना उंबऱ्याशी थांबून घरच्या मोठ्या माणसाला विचारत की गेलेल्यांचा चष्मा वाचनालयाला देता का. पहिल्या पहिल्यांदा लोकांनी त्यांना शिव्या घातल्या. एका घरातून तर ताटावरून उठवलं. भाऊ परत महिन्याने गेले. चष्मा ही मोठी अवघड वस्तू असते. वापरता येत नाही, टाकवत नाही, आणि कपाटात ठेवला की कपाट उघडताना दर वेळी आपल्याकडे बघतो. हळूहळू लोक आपणहून आणून देऊ लागले.

हे चष्मे पुस्तकासारखे नोंदवहीत चढत आणि पुस्तकासारखे सभासदाला मिळत. ज्याला मोतीबिंदू असेल त्याला भाऊ आधी डॉक्टरकडे पिटाळत. बाकीच्यांनी एकेक लावून बघायचा आणि अक्षर स्वच्छ दिसलं की तो आपला. पण चिठ्ठीवर नंबर लिहायचा नाही, हा भाऊंचा कडक नियम होता. मी एकदा एका आजोबांना सहज विचारलं, तुमचा नंबर किती? त्यावर रांगेतला दुसरा म्हातारा म्हणाला, याच्या आधी माया नंबर हाय, मी मोठा हाय. सगळे हसले, पण भाऊंनी मला नंतर बाजूला घेतलं. या वयात नंबर लागणं म्हणजे काय ते तुम्हाला कळत नाही का, म्हणाले. म्हणून चिठ्ठीवर ज्याचा चष्मा त्याचं नाव, आणि नाव म्हणजे गावात ज्या नावाने तो ओळखला जाई ते. गुरुजी, ठेकेदार, पोस्टमास्तर, पाटलीणबाई.

त्यामुळे आमच्याकडे भाषाच वेगळी झाली होती. मले गुरुजी लागत नाही, ठेकेदार द्या. पोस्टमास्तर कोनं नेले? एक आजी कित्येक वर्षं कुठल्याशा अर्जासाठी तहसीलदारांच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. त्यांना नेमके तहसीलदारच लागले. "जलमभर याच्या दारात उभी राह्यली, आता हा माया नाकावर बसला," असं म्हणून त्या दर वेळी चष्मा लावायच्या आधी त्याला एक टिचकी मारत.

माझे बाबा सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाड्यांची रांग दोन दोन दिवस उभी असे. बाबा गाडीजवळ जात, कापसात कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस काढत, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून त्याचा धागा ओढत, चष्म्यातून बघत आणि एक शब्द बोलत. त्या एका शब्दावर मालाचा भाव आणि शेतकऱ्याचं वर्ष ठरे. माल हातात घेतल्याशिवाय ग्रेड सांगू नये, हे त्यांचं आवडतं वाक्य. माझ्यासाठी स्थळांचे फोटो येत तेव्हाही ते हेच म्हणत आणि आई वैतागत असे. पण काही दिवस असे असत की मागची गोदामं भरलेली असत आणि वरून तोंडी निरोप येई, आज ग्रेड खाली ठेवा. बाबा ठेवत. असं होई त्या संध्याकाळी ते मोरीत बराच वेळ हात धूत बसत आणि ताटावरून अर्धवट उठत. आम्ही काही विचारत नसू. एकदा बसस्टँडवर मी उभी असताना पाठीमागे कोणीतरी म्हणालं, ही त्या आंधळ्या ग्रेडरची पोरगी. मी वळून पाहिलं नाही.

निवृत्तीनंतर वर्षाच्या आत बाबा गेले. तेरवीला भाऊ आले. मी त्यांच्या हाताखाली काम करत होते, तरी ते मला सोडणार नाहीत हे मला माहीत होतं. त्यांनी आईला विचारलं, आईने चष्म्याचं घर आणून दिलं. आत पुसायला कापडाऐवजी कापसाचा एक पुंजका होता. तो बाबांनीच ठेवलेला.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी चिठ्ठी बांधली, 'ग्रेडर साहेब'. संध्याकाळी ते गेल्यावर मी ती सोडून फाडून टाकली. गावातल्या कोणी तो चष्मा हातात घ्यावा, चिठ्ठी वाचावी आणि टाकून द्यावा, हे मला बघवणार नव्हतं. दोन दिवसांनी पाहिलं तर नवी चिठ्ठी. ती पण मी फाडली. तिसरीसुद्धा. मग भाऊंनी चिठ्ठी बांधणं सोडून दिलं आणि मला वाटलं, त्यांच्या लक्षात आलं नाही.

दिवाळीच्या सुमारास एक म्हातारेबुवा माठातलं पाणी प्यायला म्हणून आले. शेती मुलाच्या हातात गेलेली, पोराने गावाच्या टोकाला घर बांधलेलं, तिथं यांना करमत नसे. शाळेत दुसरीपर्यंत गेलेले, अक्षरओळख कधीच पुसट झालेली. भाऊंनी त्यांना वाचा असं म्हटलंच नाही. रहस्यकथेचं पहिलं पान पुढे करून म्हणाले, हे काय लिवलं पाह्य बरं, माया डोयाले दिसून नाही राह्यलं. बुवा म्हणाले, मलेही नाही दिसत. भाऊंनी ड्रॉवर पुढे केला. गुरुजी लागले नाहीत, ठेकेदार लागले नाहीत. बिनचिठ्ठीचा चष्मा लावला आणि बुवांनी बोट ठेवून, अडखळत, पहिली ओळ पूर्ण वाचली. माझ्या हातातला शिक्का तसाच राहिला.

सहा महिने ते रोज येत होते. ओळीवरून पानावर गेले, पानावरून पुस्तकावर. भाऊ कधीच विचारत नसत की आवडलं का. एवढंच विचारत, कुठवर आले? आणि बुवा वाटेतलं गाव सांगावं तसं सांगत, विहिरीत प्रेत सापडलं तिथवर आलो. मी रोज त्यांच्या नाकावर बाबांचा चष्मा बघत असे. मला चोरासारखं वाटे आणि तरी बरंही वाटे.

एके दुपारी त्यांनी पुसायला चष्म्याच्या घरातला तो पुंजका बाहेर काढला आणि सवयीने दोन्ही चिमटीत धरून ओढला. धागा लांबत गेला. बुवा बघतच राहिले.

"हे मानूस कापसातलं हाय," ते म्हणाले. "कोन हायेत हे? साऱ्याइले आपापलं मानूस माहीत हाय. मलेच माहीत नाही, कोनाले नाकावर घेऊन फिरून राह्यलो."

भाऊ कपाटाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की हे माझे बाबा, खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. बुवांनी चष्मा काढला, घडी घालून पुस्तकावर ठेवला आणि काठी घेऊन निघून गेले. पुस्तक शेवटाला आलं होतं.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. मी भाऊंना म्हटलं, बाबांचा चष्मा मी घरी नेते. ते पहिल्यांदाच माझ्यावर रागावले. म्हणाले, तुम्हाला लागत नाही, आईला लागत नाही. पेटीत घालून त्यांना अजून एकदा मारता काय? मग थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाले, "मी तीन वेळा चिठ्ठी बांधली. तिन्ही वेळा उंदरानं नेली असं समजलो." मला तिथंच रडू आलं. भाऊंनी मला रडू दिलं, आणि मग कुलूप काढून सोळा पानं माझ्या हातात ठेवली. बुवांचा शेवट त्यांना पोचवून या, म्हणाले. चष्म्याशिवाय त्यांना वाचता येणार नाही, हे रस्त्यात माझ्या लक्षात आलं. भाऊंच्या ते आधीच लक्षात आलेलं असणार.

बुवा घरी बाजेवर बसले होते. बस म्हणाले नाहीत, जा पण म्हणाले नाहीत. मी खाली बसून सोळाच्या सोळा पानं वाचून दाखवली. खून डॉक्टरने केला होता. त्यांना कंपाउंडरचा संशय होता. मी पानं जुळवून ठेवली.

"माया कापूस पांढराशुभ्र होता," ते म्हणाले. "तुया बापानं मुठीत घेतला, पाह्यला अन् खालची ग्रेड सांगतली. मी म्हनलं, साहेब, चष्मा पुसून पाहा. त्यायनं मायाच गाडीतला कापूस घेतला, चष्मा पुसला, पुन्हा पाह्यलं. अन् तेच सांगतलं. मान नाही वर केली. मी इतके वर्स म्हनत होतो, त्याले दिसत नाही. आता त्याच्याच चष्म्यातून सहा महिने पाह्यलं. बारीक बारीक दिसते, पोरी. म्हंजे त्याले दिसत होतं."

बाबा आंधळे ठरले असते तर मला परवडलं असतं. मग मी त्यांना कोणाला कधी न सांगितलेलं सांगितलं. तसल्या संध्याकाळचं हात धुणं आणि अर्धं ताट. त्यांनी विचारलं, चष्म्याच्या घरातला तो पुंजका कोणाच्या गाडीतला? मला माहीत नाही, मी म्हटलं, आणि ते खरं होतं. त्यांनी मान हलवली आणि बाजेवर आडवे झाले. मी पानं घेऊन परत आले.

चार दिवसांनी, बाराच्या ठोक्याला, बुवा दारात. सरळ टेबलाशी आले आणि म्हणाले, ग्रेडर साहेब द्या. मी चष्मा दिला. मग त्यांनी पेन मागितलं आणि कोरी चिठ्ठी. जीभ दाताखाली धरून बराच वेळ लिहीत होते. मी वाचलं. 'ग्रेडर साहेब' आणि खाली 'ग्रेड पयली'. मी 'पहिली' करायला हात पुढे केला तर भाऊंनी माझं मनगट धरलं.

मी बुवांना एवढंच विचारू शकले, असं कसं? ते दोरा बांधत होते.

"ज्याले दिसत नाही तो पोटभर जेवते," ते म्हणाले. "तुया बापाले जेवन जात नव्हतं."

त्यानंतर ग्रेडची साथच आली. ज्याने जो चष्मा वापरला त्याने त्याची ग्रेड चिठ्ठीवर लिहायची, असं आपोआप ठरलं. गुरुजींना पहिली मिळाली. ठेकेदारांवरून वाद झाला. तहसीलदारांना आजींनी आधी तिसरी दिली, आणि दोन कादंबऱ्या वाचून झाल्यावर दुसरी केली. बुवा पुढे चार वर्षं आले. ते गेले तेव्हा त्यांच्या मुलाने तेरवीच्याही आधी चष्मा आणून दिला, चिठ्ठी जशीच्या तशी.

आणि भाऊ. ज्या माणसाला गावाचे गुडघे माहीत होते त्याचेच गुडघे गेले. मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. शेवटच्या दिवशी भाऊंनी किल्ल्या दिल्या, शेवटांचं कपाट दाखवलं, जणू मला ते माहीतच नव्हतं, आणि एक चिठ्ठी लिहून ड्रॉवरमध्ये टाकली. चष्मा मागून येईल, म्हणाले, सध्या लागतो. मी हसले. ते कधी फोन करत आणि नमस्कार-चमत्काराच्या आधी विचारत, कुठवर आले? मी एकेकाचं सांगे.

ते गेल्याचं मला महिन्याने कळलं. तेरवी होऊन गेली होती. मी फोन केला आणि भाऊ जसे उंबऱ्याशी उभे राहून विचारत तसंच विचारलं. त्यांची सून चांगली बाई. म्हणाली, अहो, कपड्यांसोबत देऊन टाकला कोणाला तरी, काड्याही धड नव्हत्या, कशाला हवा होता? मी फोन ठेवला. आपण वेळेवर तेरवीला गेलो नाही, एवढंच वाटत राहिलं, आणि अजून वाटतं. पुण्यात तो चष्मा कोणाच्या नाकावर असेल, त्याला त्यातून काय दिसत असेल, कोणाला नाकावर घेऊन फिरतोय हे त्याला कोणी सांगितलं असेल का.

यंदा मला चाळिशी लागली. खरं तर केव्हाच लागली होती, मी हात लांब करून वाचत होते. परवा दुपारी सगळे वाचत होते तेव्हा मी खालचा ड्रॉवर उघडला आणि बाबा लावून बघितले. लागले. भाऊंची चिठ्ठी समोर धरली. अक्षराच्या काना-मात्रा, शाई जरा फुटलेली जागा, सगळं स्पष्ट दिसलं. मी पेन उघडलं आणि 'ग्रेड'च्या पुढच्या कोऱ्या जागेवर टेकवलं.

पण माल हातात घेतल्याशिवाय ग्रेड सांगू नये, असं बाबा म्हणत. मी पेन बंद केलं.